हिशेबात हरलेला गणिताचा गुरू

पुष्कळ घरांत असे घडते. चार वर्षांचे लेकरू पाहुण्यांसमोर एकपासून वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणून दाखवते. सर्वांना कौतुक वाटते. मग घरातली आजी त्याच्यासमोर मूठभर चिंचोके ओतते आणि त्यांतले सात वेगळे काढून दे म्हणून सांगते. लेकरू गोंधळते. तोंडाने अंक चालू राहतात, बोट चिंचोक्यांवरून फिरत राहते, पण तोंड एका चालीने जाते आणि बोट दुसऱ्या. पुढे हेच मूल शाळेत पाढे पाठ म्हणते आणि साध्या बेरजेला अडते. मग घरचे म्हणतात, याचे डोके गणिताचे नव्हे.

अडीचशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एका बापापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. इ.स. १७७४ च्या हिवाळ्यात तो आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला अंक शिकवीत होता आणि रोज काय घडले ते वहीत टिपून ठेवीत होता. मुलाला अंकांची नावे येत होती. परंतु एकेक वस्तू समोर ठेवून विचारता बापाच्या लक्षात आले की, नावांमागे काहीच नाही. मुलगा शब्द बोलतो आहे, संख्या त्याला दिसतच नाही. बापाने मुलाला दोष दिला नाही. अर्थ कळण्याआधी आपण त्याच्या तोंडी शब्द घातले, ही चूक आपली, असे त्याने त्या वहीत स्वतःविषयी लिहून ठेवले.

त्या बापाचे नाव योहान हाइनरिख पेस्टालॉझी. लहान मुलांना संख्या कशी शिकवावी हे जगाला दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव फार वरचे आहे. नवलाची गोष्ट अशी की, या गृहस्थांना स्वतःच्या घरचा हिशेब जन्मभर जुळवता आला नाही.

बालपण

पेस्टालॉझी यांचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजी झुरिच शहरात झाला. वडील शस्त्रवैद्य होते. मुलगा पाच वर्षांचा असताना ते वारले. मरतेवेळी त्यांनी घरातल्या बाबेली नावाच्या तरुण मोलकरणीला जवळ बोलावून, आपल्यामागे बायको-लेकरांना सोडून जाऊ नये अशी विनंती केली. बाबेलीने शब्द दिला आणि तो अखेरपर्यंत पाळला. घरात पैसा फार थोडा. चार नाणी वाचावीत म्हणून ती बाजारात पुन्हा पुन्हा जाई आणि भाजीवाल्या घरी निघायच्या वेळेला उरलेला माल स्वस्तात घेऊन येई. कपडे व जोडे झिजू नयेत म्हणून मुलांना बाहेर खेळायला फारसे जाऊ देत नसत. अशा घरात वाढलेला मुलगा प्रेमळ झाला, पण हाताने अनाडी राहिला. शाळेत त्याचे अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. सोबत्यांनी त्याला मूर्खांच्या गावचा अशा अर्थाचे टोपणनाव ठेवले होते.

त्यांचे आजोबा झुरिचजवळच्या होंग गावी पाळक होते. सुटीत नातू त्यांच्याकडे जाई. आजोबा मंडळीतल्या घरांना भेटी देत, आजाऱ्यांची विचारपूस करीत, गावच्या शाळेत डोकावत. नातू बरोबर असे. गरीब घरांतली मुले लहानपणी किती चलाख असतात आणि शाळेत व कामाला जुंपल्यावर त्यांच्या डोळ्यांतले तेज कसे विझते, हे त्याने तेथे पाहिले. ते दृश्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. आजोबांप्रमाणे पाळक व्हावे असे त्यांना प्रथम वाटले, पुढे कायद्याकडे मन वळले, आणि शेवटी ते शेतकरी झाले.

नवा मळा

इ.स. १७६९ मध्ये त्यांचा विवाह अ‍ॅना शुल्थेस हिच्याशी झाला. ती त्यांच्याहून सुमारे आठ वर्षांनी मोठी व सधन व्यापारी घराण्यातली होती. बिर गावाजवळ त्यांनी जमीन घेतली, घर बांधले आणि त्या जागेला नॉयहोफ, म्हणजे नवा मळा, असे नाव दिले. कापडाला लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीची लागवड करून भरभराट होईल असा बेत होता. जमीन निकृष्ट निघाली, पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि बेत बुडाला.

स्वतःचे जहाज बुडत असताना या माणसाने दुसऱ्यांची लेकरे आत घेतली. इ.स. १७७४ मध्ये नॉयहोफला त्यांनी भीक मागणारी व अनाथ मुले आणून ठेवली. मुलांनी सूत कातावे, विणावे, शेतात काम करावे आणि काम करता करताच शिकावे, अशी योजना होती. मुलांच्या श्रमातून खर्च निघेल असा त्यांचा हिशेब होता. तोही चुकला. उपाशी, अशक्त मुलांच्या हातून विकण्याजोगे सूत निघेना. काही आईबाप मुलांना नवे कपडे मिळताच परत घेऊन जात. इ.स. १७८० मध्ये ते घर बंद पडले. अ‍ॅनाच्या माहेरचा पुष्कळ पैसा त्यात गेला. ज्याला आपलेच घर सावरता येत नाही तो गरिबांना काय सावरणार, असे लोक बोलू लागले.

त्यानंतरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी लेखन करून काढली. इ.स. १७८१ मध्ये त्यांची लीनहार्ट व गेर्ट्रूड ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव दूरवर पसरले. कागद घ्यायला पैसे नव्हते म्हणून तिचा मजकूर त्यांनी एका जुन्या हिशेबाच्या वहीतल्या कोऱ्या जागांवर लिहिला, असे सांगतात. ज्या वहीत तोट्याचे आकडे होते त्याच वहीत गेर्ट्रूड जन्मली.

गेर्ट्रूड ही गवंड्याची बायको. नवरा दारूच्या नादी लागलेला, घर गरीब. ती मुलांना वेगळे बसवून गणित शिकवीत नाही. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत किती पावले होतात ते मुलांनी मोजायचे. खिडकीच्या काचांच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीत पाच काचा, यांवरून पाच व दहा यांचे नाते ओळखायचे. सूत कातताना धागे मोजायचे, गुंडाळताना चक्राचे फेरे मोजायचे. मुलाला संख्या कोठून आणून द्यावी लागत नाही, ती घरात आहेच, आईने फक्त बोट दाखवायचे, ही पेस्टालॉझींची धारणा या गोष्टीत प्रथम स्पष्ट दिसते.

श्टान्सची अनाथ मुले

इ.स. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य स्वित्झर्लंडमध्ये शिरले व नवी राजवट आली. निडवाल्डन या डोंगराळ भागातील लोकांनी तिला विरोध केला. ९ सप्टेंबर १७९८ रोजी फ्रेंचांनी त्या भागावर चाल केली. घरे जळाली, सुमारे ४०० माणसे मेली, त्यांत बायका व मुलेही होती. मागे राहिलेल्या अनाथ मुलांसाठी श्टान्स गावातील एका मठाच्या इमारतीत आश्रम काढण्याचे सरकारने ठरवले आणि ते काम पेस्टालॉझींनी मागून घेतले. तेव्हा त्यांचे वय ५२ होते.

जानेवारी १७९९ मध्ये मुले येऊ लागली. इमारत अर्धवट, स्वयंपाकघर धड नाही, हाताखाली एक कामवाली बाई. मुलांच्या अंगावर खरूज, डोक्यात उवा, पोटात अन्न नाही. काही मुले इतकी भेदरलेली की मान वर करीत नसत. शिवाय ती सगळी कॅथलिक आणि हा म्हातारा प्रोटेस्टंट, तोही ज्या सरकारच्या सैन्याने त्यांची घरे जाळली त्या सरकारने पाठवलेला. गावकऱ्यांचा विश्वास बसणे कठीणच होते. थोड्याच दिवसांत मुलांची संख्या सुमारे ८० झाली. पेस्टालॉझी सर्वांच्या आधी उठत व सर्वांच्या नंतर झोपत. मुलांबरोबर जेवत, आजाऱ्यांच्या उशाशी बसत, रात्री मुले झोपेपर्यंत त्यांच्यापाशी बोलत व प्रार्थना करीत.

शिकवण्यासाठी पुस्तके नव्हती, दुसरा शिक्षकही नव्हता. तेव्हा ज्या मुलाला एखादी गोष्ट आली ते दोन्ही बाजूंच्या दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून त्यांना शिकवू लागले. मागे पडलेल्या मुलाला आपल्याहून थोडेच पुढे असलेले मूल सर्वांत चांगले शिकवते, हे पेस्टालॉझींनी येथे पाहिले. अगदी सोप्या पायरीपासून सुरुवात करायची आणि ती पक्की झाल्याशिवाय पुढची चढायची नाही, हेही येथेच त्यांच्या मनाने घेतले.

त्या वसंतात जवळचे आल्टडोर्फ गाव आगीत जळाले. पेस्टालॉझींनी मुलांना गोळा करून विचारले की, तिकडची वीस अनाथ मुले येथे आणावीत काय. तसे केले तर प्रत्येकाला अन्न कमी मिळेल, काम जास्त पडेल व कपडेही वाटून घ्यावे लागतील, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मुलांनी एकमुखाने त्यांना आणा म्हणून आग्रह धरला. वाटून घेण्याचा हा हिशेब त्या मुलांना कोणी पाटीवर शिकवला नव्हता.

जून १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याला रुग्णालयासाठी ती इमारत हवी झाली आणि आश्रम मोडला. पाच महिन्यांचे काम संपले. पेस्टालॉझींच्या थुंकीतून रक्त पडू लागले होते. विश्रांतीसाठी ते डोंगरावर गेले.

चांभाराच्या शाळेत

बरे वाटताच त्यांनी बुर्गडोर्फ या गावी कोणत्याही शाळेत शिकवायला जागा मागितली. ज्यांना गावचे नागरिकत्व नव्हते अशा गरिबांच्या मुलांची एक शाळा तेथे होती. डिस्ली नावाचा चांभार ती चालवी. त्याच खोलीत त्याचे जोडे शिवण्याचे कामही चाले. मुले प्रश्नोत्तरी व स्तोत्रे पाठ करीत. पेस्टालॉझींनी खोलीच्या एका भागात आपला वर्ग सुरू केला. भिंतीवरच्या जुन्या, फाटक्या कागदाकडे मुलांना बघायला लावून त्यावर किती आकृती आहेत, किती भोके पडली आहेत, ती कोठे आहेत, असे ते तासन्‌तास विचारीत व मुलांकडून पूर्ण वाक्यांत उत्तरे घेत. प्रश्नोत्तरी बाजूला ठेवून हा पोरांना भिंतीवरची भोके मोजायला लावतो, हे पाहून चांभार चिडला, आईबापही चिडले. पेस्टालॉझींना तेथून निघावे लागले. नंतर त्यांना एका बाईंच्या शिशुशाळेत जागा मिळाली. तेथे पाच ते आठ वर्षांची मुले होती. मार्च १८०० मध्ये गावच्या शाळासमितीने त्या मुलांची परीक्षा घेतली आणि इतक्या लहान मुलांनी इतक्या थोड्या काळात केलेली प्रगती पाहून प्रशंसेचे पत्र दिले. चौपन्नाव्या वर्षी या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा यश मिळाले.

मग सरकारने बुर्गडोर्फचा किल्ला त्यांच्या शाळेला दिला. हेर्मान क्रुसी हा तरुण शिक्षक डोंगराळ भागातली गरीब मुले घेऊन त्यांना येऊन मिळाला. इ.स. १८०१ मध्ये गेर्ट्रूड आपल्या मुलांना कसे शिकवते हे त्यांचे पुस्तक निघाले. आकार, संख्या आणि भाषा या तीन गोष्टींपासून सर्व शिक्षण सुरू व्हावे असे त्यांनी त्यात मांडले. समोर काही वस्तू आल्या की त्या कशा दिसतात, किती आहेत आणि त्यांना काय म्हणतात, हे तीन प्रश्न मुलाच्या मनात आपोआप येतात, असा त्यांचा विचार होता.

त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा वारला. अंकांच्या त्या वहीतला हाच तो मुलगा. त्याला फेफऱ्याचा आजार होता. व्यापार शिकण्यासाठी त्याला बाझेलला पाठवले होते, पण आजारामुळे परत यावे लागले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला. ज्या मुलापाशी बापाला आपली चूक कळली त्याला तिचा लाभ व्हावा तसा झाला नाही. तो दुसऱ्यांच्या मुलांना झाला.

पद्धत कशी होती

त्या काळच्या शाळांत अंक लिहून दाखवीत, नियम सांगत व पाठ करून घेत. पेस्टालॉझींनी क्रम उलटा केला. आधी वस्तू, मग शब्द, आणि अंकाची खूण सर्वांत शेवटी.

सुरुवात बोटे, खडे, वाटाणे अशा हाताशी येणाऱ्या वस्तूंनी. अक्षरे शिकवण्याच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांचाही ते मोजण्यासाठी उपयोग करीत. एक तुकडा ठेवून विचारायचे, हे पुष्कळ आहेत का. मूल म्हणे, नाही, एकच आहे. शेजारी दुसरा ठेवायचा. एक आणि एक मिळून दोन झाले, हे मूल पाहून सांगे. असे एकेक वाढवत जायचे आणि मग एकेक काढत परत यायचे. म्हणजे बेरीज व वजाबाकी एकाच वेळी हाताला कळते. आज वाटाणे, उद्या खडे, परवा बोटे घेतली तरी पाच ते पाचच राहतात, हे मुलाला पुन्हा पुन्हा दिसले की पाच ही संख्या वस्तूपासून सुटी होऊन मनात बसते. त्यानंतर वस्तू दूर ठेवल्या तरी चालते.

पुढची पायरी म्हणजे रेघांचा तक्ता. त्यात दहा ओळी व प्रत्येक ओळीत दहा चौकटी असत. पहिल्या ओळीतल्या प्रत्येक चौकटीत एक रेघ, दुसऱ्या ओळीत दोन दोन, तिसऱ्या ओळीत तीन तीन, असे दहाव्या ओळीत दहा दहा. तीन चोक बारा हे मूल येथे नुसते म्हणत नाही, तिसऱ्या ओळीतल्या चार चौकटींवर ते बोट ठेवते आणि बारा रेघा त्याला दिसतात. पाढा येथे डोळ्यांपुढे उभा असतो. विसरला तरी पुन्हा मांडता येतो. अपूर्णांकांसाठी चौरसांचा तक्ता होता. पहिल्या ओळीतले चौरस अखंड, दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येकाचे दोन भाग, तिसऱ्या ओळीत तीन, असे दहापर्यंत. पाव म्हणजे अर्ध्याचा अर्धा हे सांगावे लागत नसे, ते दिसे.

या सर्व काळात मुले पाटीवर आकडेमोड फारशी करीत नसत. तोंडी हिशेब चाले, आणि उत्तर कसे आले हे पूर्ण वाक्यात सांगावे लागे. संख्यांचे नाते मनात पक्के झाल्यावर मग अंक लिहायला शिकवीत. त्यामुळे अंक हे मुलाला परके चिन्ह वाटत नसे, ओळखीच्या माणसाचे नाव वाचावे तसे ते वाटे.

या काळातली एक हकीकत सांगतात. शाळेत वस्तूंची चित्रे दाखवून शिकवण्याची तयारी चालली होती. शिडीचे चित्र पुढे येताच एका मुलाने विचारले की, अंगणात खरी शिडी असताना चित्र कशाला. मोठ्यांनी दुर्लक्ष केले. मग खिडकीचे चित्र आले, तेव्हाही त्याने समोरच्या खऱ्या खिडकीकडे बोट दाखवले. हे पेस्टालॉझींच्या कानी गेले. मुलाचे म्हणणे बरोबर आहे असे सांगून त्यांनी चित्रे बाजूला ठेवायला लावली. साठीकडे झुकलेल्या गुरूने एका पोराकडून आपलाच धडा पुन्हा शिकून घेतला.

इव्हरडॉनचा किल्ला

इ.स. १८०५ पासून वीस वर्षे त्यांची शाळा इव्हरडॉन येथील किल्ल्यात होती. युरोपभरातून मुले व शिक्षक येऊ लागले. प्रशियाच्या सरकारने तरुण शिक्षकांना तेथे शिकायला पाठवले. बालवाडीचा जनक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला फ्रीड्रिश फ्रोबेल १८०८ ते १८१० ही वर्षे तेथे राहिला. इंग्लंडचे चार्ल्स मेयो हे पाळक तेथे राहून ही पद्धत आपल्या देशात घेऊन गेले. अमेरिकेत वॉरन कोलबर्न यांनी १८२१ मध्ये याच धर्तीवर लहान मुलांसाठी तोंडी हिशेबाचे पुस्तक लिहिले. त्यातील पहिले प्रश्न मुलाच्या स्वतःच्या अंगठ्यांविषयी व बोटांविषयी आहेत. ते पुस्तक तेथे कित्येक पिढ्यांच्या हाती राहिले.

हिंदुस्थानाशी संबंध असलेले एक पाहुणेही १८१६ मध्ये तेथे येऊन गेले. मद्रासच्या एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेत मुलांकडून मुलांना शिकवण्याची पद्धत बसवणारे रेव्हरंड अँड्र्यू बेल ते हेच. त्यांना इव्हरडॉनचे काम पसंत पडले नाही. बारा वर्षांनी पेस्टालॉझींचे नाव कोणी घेणार नाही, असे त्यांनी भाकीत केले. ते खरे ठरले नाही.

पण ही पद्धत कोणाला तारून गेली हे पाहायचे असेल तर याकोब श्टाइनर याच्याकडे पाहावे. तो एका लहान शेतकऱ्याचा मुलगा. चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता येत नव्हते. अठराव्या वर्षी, १८१४ मध्ये, तो इव्हरडॉनला आला. फी द्यायला पैसे नव्हते. पेस्टालॉझींनी त्याला ठेवून घेतले. थोड्याच काळात तो तेथे गणित शिकवू लागला. पुढे बर्लिन विद्यापीठात तो प्राध्यापक झाला आणि एकोणिसाव्या शतकातल्या थोर भूमितिज्ञांत त्याची गणना होते. उशिरा सुरुवात केलेले मूल मंद असतेच असे नाही, याचा हा पुरावा आहे.

उणिवाही होत्या आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रेघांच्या तक्त्यावर मुलांकडून एकाच साच्याची वाक्ये इतका वेळ घोकून घेत की, पाठांतर मोडायला निघालेल्या शाळेत नवेच पाठांतर सुरू झाले. योसेफ श्मिड या हुशार शिक्षकाच्या हाती गणित आल्यावर पाहुण्यांना थक्क करण्यासारखे मोठमोठे तोंडी हिशेब मुले करू लागली, आणि गणिताचे वजन इतर विषयांवर पडू लागले. सरकारतर्फे शाळा तपासायला आलेल्यांत फादर जिरार हे कॅथलिक शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी ही शंका काढली. दोन दुणे चार जसे सिद्ध करता येते तसे जे सिद्ध करता येणार नाही ते माझ्या मुलांनी शिकू नये, असे पेस्टालॉझी आवेशाने म्हणाले. त्यावर फादरांनी उत्तर दिले की, मग मला तीस मुलगे असते तरी एकही तुमच्याकडे पाठवला नसता, कारण मी त्याचा बाप आहे व त्याने माझे ऐकावे हे दोन दुणे चारसारखे सिद्ध करून दाखवणे तुम्हाला जमणार नाही. पेस्टालॉझींनी आपण अधिक बोलून गेलो हे मान्य केले. श्टान्सच्या मुलांनी आपला घास वाटून दिला तो काही तक्ता पाहून दिला नव्हता, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

अखेर

डिसेंबर १८१५ मध्ये अ‍ॅना वारली. छेचाळीस वर्षे तिने तोटा, कर्ज व लोकांची बोलणी पतीबरोबर सोसली होती. तिच्यामागे शाळेतल्या शिक्षकांत भांडणे वाढली. कज्जे झाले. हिशेब पुन्हा चुकले. इ.स. १८२५ मध्ये इव्हरडॉनची शाळा बंद झाली आणि ७९ वर्षांचा वृद्ध नॉयहोफला, जेथून सुरुवात केली होती तेथेच, परत आला.

इ.स. १८२६ च्या उन्हाळ्यात ते बॉयगेन येथील अनाथ मुलांचा आश्रम पाहायला गेले. मुलांनी गाणे म्हटले व ओकच्या पानांचा मुकुट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घातला नाही. त्यावर हक्क आपला नसून निष्पाप लेकरांचा आहे, असे सांगून त्यांनी तो मुलांकडेच परत केला. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग गावी त्यांचे देहावसान झाले. बिर येथे शाळेच्या इमारतीशेजारी त्यांना पुरले. इ.स. १८४६ मध्ये, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, तेथे स्मारक उभारले गेले. सर्व काही दुसऱ्यांसाठी, स्वतःसाठी काहीच नाही, अशा अर्थाचा लेख त्यावर आहे. जमाखर्चाच्या वहीत ज्याच्या बाजूला कधी शिल्लक राहिली नाही, त्याचा हा खरा ताळेबंद.

आपल्यापैकी कित्येक जण संडे स्कूलमध्ये शिकवतात, कित्येकांच्या घरी नातवंडे अभ्यासाला बसतात. अंकांपाशी अडणारे मूल आपल्याला रोज भेटते. त्याच्यासाठी पेस्टालॉझींचा उपाय खर्चाचा नाही. मूठभर चिंचोके किंवा खडे घ्यावेत. पाच पक्के होईपर्यंत सहाकडे जाऊ नये. मूल चुकले तर आवाज चढवण्याऐवजी दोन पायऱ्या खाली उतरून पाहावे. मधली एखादी पायरी आपल्याकडूनच दाखवायची राहिलेली असते. उत्तर बरोबर आले तरी ते कसे आले हे मुलाला सांगू द्यावे. आणि त्याच्याहून किंचित पुढे असलेले एखादे मूल शेजारी बसवून बघावे.

पाढे पाठ असावेत, त्यांचा उपयोग मोठा आहे. मात्र पाठ म्हणणाऱ्या मुलाला त्या पाढ्यात काय आहे हे एकदा तरी हाताने मांडता आले पाहिजे. ते येत नसेल तर या मुलाचे डोके गणिताचे नव्हे असा निकाल देण्यापूर्वी आपण थांबावे, आणि १७७४ सालच्या त्या हिवाळ्यात एका बापाने आपल्या वहीत दोष कोणाच्या नावे लिहिला होता, ते आठवावे.